दादाच्या लॅपटॉपची डिस्क बदलण्याआधी

सातारा

चि. निनाद यास,


तुझा मेसेज वाचला. "२०१८ चं मशीन आहे, आता नवंच घ्या," असं दुकानदार म्हणाला आणि तुला ते पटलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. एसएसडीची किंमत नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा भाग असते. ती तूच आण आणि तूच बसव. दादा कचरेल, पण मी त्याच्याशी बोलते. काम करताना समोर कागद असलेला बरा, म्हणून फोनवर न सांगता लिहून पाठवते आहे.

आधी लॅपटॉप एवढा संथ का, दुखणं कुठं आहे ते बघ. लॅपटॉप सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांनी टास्क मॅनेजर उघड. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि प्रत्यक्ष वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, असं दिसलं तर डिस्कच अडवते आहे. मेमरीचा आकडा सतत नव्वदच्या वर असेल तर रॅमही कमी पडते आहे. ४ जीबी रॅम तशीच ठेवून नुसती डिस्क बदललीस तर फरक पडेल, पण दादाचं समाधान व्हायचं नाही.

त्याच्या लॅपटॉपमध्ये आहे ती फिरणारी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचणारं टोक योग्य वर्तुळावर सरकणार, मग हवा तो भाग फिरत त्याच्याखाली येणार; एका ठिकाणचं वाचायला सरासरी पंधरा-सोळा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला साठ-पासष्ट ठिकाणं. विंडोज सुरू होताना हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून गोळा करावे लागतात, आणि दादा चहा घेऊन येतो तरी पडद्यावर गोल फिरतच असतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. प्रोसेसर तोच राहूनही मशीन नवं वाटतं ते यामुळे.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर लावून जुन्या डिस्कची तब्येत बघ. तिथे पिवळ्या रंगात 'कॉशन' आलं तर बाकी सगळं थांबव आणि फाइल्स बाहेर काढ. अशी डिस्क आणखी किती दिवस काढेल, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता ज्यासाठी मुद्दाम पत्र लिहिलं ते. बाजारात डिस्क पुन्हा मिळते, तिच्यावरचं मिळत नाही. तुझ्या मुंजीचे फोटो, आजीच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ, सोसायटीचे एवढ्या वर्षांचे हिशेब, सगळं त्या एका डिस्कवर आहे, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण कॉपी घे, आणि ती तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून बघ. फोल्डर दिसले एवढ्यावर समाधान मानू नकोस. दोन-चार फोटो, एक व्हिडिओ, एक हिशेब खरोखर उघड.

सोसायटीच्या जुन्या नोटिसा तर उघडच उघड. दादाने त्या युनिकोड यायच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि भलतीच चिन्हं दिसतात. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही. तेव्हा विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्टही कॉपी कर. याच कारणासाठी दादाच्या मशीनवर विंडोज नव्याने टाकू नकोस. आहे तसं क्लोन कर. एरवी मी कोऱ्या डिस्कवर नवं विंडोज घालायला सांगितलं असतं, कारण वर्षानुवर्षांचा केरकचरा आपोआप गळतो. पण दादाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर पुन्हा चालू करायला लागणारा कागद घरात सापडेल, असं मला वाटत नाही.

डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू आहे का तेही बघ. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते. ती कागदावर उतरवून ठेव आणि क्लोन करण्याआधी बिटलॉकर बंद कर.

खरेदी करताना मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधून वाच. त्या सुमाराच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कशिवाय एम डॉट टू ची एक जागा रिकामी असते. ती असली तर उत्तम, दोन्ही डिस्क आत ठेवूनच क्लोन करता येईल. मात्र तिथे साटा चालते की एनव्हीएमई, हे मॅन्युअलमध्येच कळेल. दिसायला दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्या. साटा सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीतही साडेतीन हजारांपर्यंत. दादाच्या कामात हा फरक जाणवणार नाही. जे बसेल ते घे, सर्वांत महागाच्या मागे लागू नकोस. ५०० जीबी पुरेल, आणि विंडोजने ती ४६५ दाखवली तर फसवणूक झाली असं समजू नकोस, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

लॅमिंग्टन रोडला जाणार असशील तर पक्कं बिल घे, त्यावर सिरियल नंबर लिहून घे आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी तिथेच उभं राहून तपास. पाच वर्षांची वॉरंटी असलेली मिळाली तर थोडे पैसे जास्त दे. ऑनलाइन अगदी स्वस्तात कितीतरी टीबीच्या डिस्क दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यात आकडा खोटा दाखवतात आणि भरता भरता जुन्या फाइल्स पुसल्या जातात. एम डॉट टू चा बारीक स्क्रूही मागून घे. रिकाम्या जागेत तो बहुतेक वेळा नसतो आणि त्यावाचून सगळं अडतं.

लॅपटॉप शिफ्ट दाबून शट डाऊन कर, चार्जर काढ. मुंबईकडच्या दमट हवेत स्थिर विजेची भीती कमी, तरी खिडकीच्या गजाला एकदा हात लाव. कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढ आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेव. त्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर कीबोर्डच्या बाजूने टेंगूळ येतं. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. झाकण निघेना तर जोर लावू नकोस, तो शोध. कडा जुन्या प्लास्टिक कार्डाने सोडव. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन काढायचं.

एसएसडीची पट्टी तिरकी आत सरकव. हात सोडलास की ती वर उचललेली राहील; तशीच राहायला हवी. मग हलकेच दाबून स्क्रू लाव, बॅटरीची पिन परत जोड आणि मशीन सुरू कर. एसएसडी कंपनीच्या साइटवर क्लोनचं सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळतं, ते वापर. क्लोन झाल्यावर मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढ आणि मगच नव्या डिस्कवरून पहिल्यांदा सुरू कर, नाहीतर विंडोज कुठून उठलं ते कळत नाही. विंडोजचा परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, तो नव्याने विकत घ्यावा लागत नाही. कुणी 'विंडोज मारून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नकोस.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ११ वर जावंच लागेल. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा असेल तर अडचण नाही. फक्त ते त्याच दिवशी करू नकोस, आठवडाभर मशीन चालू दे. जुनी डिस्क दोन-तीन महिने तारीख लिहून कपाटात ठेव, पुसू नकोस, कुणाला देऊ नकोस.

शनिवारी कॉपी घे आणि उघडून बघितल्यावर मला कळव. रविवारी मी घरीच आहे. मध्येच अडलास तर झाकण उघडं ठेवूनच फोन कर, अंदाजाने काही ओढू नकोस.

तुझी,
आत्या