विद्युत दुचाकीचे पूरक साहित्य : निवड आणि जोडणी

दिवाळी सरली की कागल तालुक्यातील बिद्री परिसराच्या रस्त्यांचे रूप पालटते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो आणि कोल्हापूर–गारगोटी मार्गावर, तसेच मुदाळ तिट्ट्यावर त्याला मिळणाऱ्या निपाणी–राधानगरी मार्गावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ रात्रंदिवस चालू राहते. याच रस्त्यांवरून पहाटे दूध संस्थेकडे निघालेला उत्पादक जातो, पाळी संपवून घरी परतणारा कामगार जातो आणि मुरगूड वा गारगोटीच्या शाळेत वेळेवर पोहोचू पाहणारी शिक्षिकाही जाते. या मंडळींच्या वाहनांत आता विजेवर चालणाऱ्या सायकली व स्कूटरही दिसू लागल्या आहेत. पेट्रोलचा खर्च वाचतो आणि घरच्या घरी बॅटरी भारित करता येते, हे त्यांचे आकर्षण सर्वांना ठाऊक आहे. परंतु वाहन घरी आल्यानंतर त्याला काय काय जोडावे आणि ते कसे जोडावे, याचा विचार मात्र अभावानेच केला जातो. दुकानदार जे पुढे करील ते बसवून घेतले जाते. त्यात झगमगणारे रंगीत दिवे पुष्कळदा असतात, आणि मागचा साधा लाल परावर्तक मात्र दुधाच्या किटलीआड झाकलेला असतो.

साहित्याची निवड करण्यापूर्वी आपले वाहन कायद्याच्या दृष्टीने कोणत्या वर्गात मोडते, हे पाहणे अगत्याचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये ज्या पायडलयुक्त सायकलीच्या साहाय्यक मोटरीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आहे आणि ताशी २५ किलोमीटर वेग गाठताच, किंवा त्याआधीही चालकाने पायडल मारणे थांबविल्यास, जिची मोटर बंद होते, ती सायकल अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केलेली असल्यास मोटार वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी नाही, चालकाला परवाना नाही. युरोपीय देशांनीही २५० वॉट आणि २५ किलोमीटर याच मर्यादा मान्य केल्या आहेत. मात्र या सवलतीसोबत आपल्या नियमाने एक अट घातली आहे, ती अशी की सायकलीला योग्य ब्रेक असावेत आणि पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असावा. तेव्हा परावर्तक ही शोभेची वस्तू नसून, ज्या व्याख्येमुळे ही सायकल नोंदणीतून मुक्त होते त्या व्याख्येचाच तो एक भाग आहे.

यापेक्षा अधिक शक्तीची वा वेगाची स्कूटर हे मोटार वाहनच होय. तिला हिरव्या पाटीवरील क्रमांक, विमा, परवाना आणि भारतीय मानक आयएस ४१५१ नुसार प्रमाणित शिरस्त्राण ही सारी बंधने लागू आहेत. सायकलचालकास शिरस्त्राणाची सक्ती नसली, तरी ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने पडणाऱ्याच्या डोक्याला कायद्यातील हा भेद कळत नाही.

काही ठिकाणी सायकलीचा वेग वाढविणारे यंत्रभाग ‘पूरक साहित्य’ म्हणून विकले जातात. ते बसविताच सायकल नियमाच्या व्याख्येबाहेर जाते आणि नोंदणी नसलेले, विमा नसलेले मोटार वाहन बनते. शिक्षकांनी ही गोष्ट पालकांच्या कानावर अवश्य घालावी. कारण मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

निवडीचा क्रम ठरविताना पहिला मान दिव्यांना व परावर्तकांना द्यावा लागेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापतो. त्याच्या चालकाला पुढची सायकल ५० मीटरवर दिसली, तर विचार करून ब्रेक दाबण्यास त्याच्या हाती तीन सेकंद उरतात. ती २० मीटरवर दिसली, तर सव्वा सेकंदही नाही. गडद रंगाचे कपडे घातलेला आणि मागे दिवा नसलेला सायकलस्वार बहुधा या दुसऱ्या अंतरावरच दिसतो. म्हणून मागील बाजूस स्थिर प्रकाशाचा लाल दिवा, त्याखेरीज परावर्तक, दोन्ही चाकांच्या आऱ्यांत पिवळसर परावर्तक पट्ट्या आणि पायडलांच्या कडेला परावर्तक एवढे साहित्य प्रथम घ्यावे. दिव्याची बॅटरी संपली वा तार तुटली, तरी परावर्तक आपले काम करीत राहतो. यास्तव एक असल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही.

बॅटरी वाचविण्यासाठी पुढचा दिवा बंद ठेवून जाणारे सायकलस्वार अनेक आढळतात. त्यांच्यासाठी एक छोटा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. ३६ व्होल्ट व १० ॲम्पिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ३६० वॉट-तास ऊर्जा साठते. तीन वॉटचा एलईडी दिवा तासभर जळाला, तर त्यातील केवळ तीन वॉट-तास खर्च होतात. सायकलीला एक किलोमीटर जाण्यास दहा वॉट-तास लागतात असे धरले, तर तासभराच्या प्रकाशाची किंमत सुमारे तीनशे मीटरची वाट एवढीच होते. टायरमध्ये हवा कमी ठेवल्याने याहून कितीतरी अधिक वीज वाया जाते. नव्या स्कूटरच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. कारण एप्रिल २०१७ पासून दुचाकींचा पुढचा दिवा वाहन सुरू होताच आपोआप लागण्याची व्यवस्था बंधनकारक आहे.

पुढचा दिवा बसविल्यावर त्याचा रोख तपासावा. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर वाहन उभे करून दिव्याच्या उंचीइतकी खूण भिंतीवर खडूने करावी. प्रकाशाचा मध्य त्या खुणेच्या खाली पडला पाहिजे. वर पडल्यास समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि अरुंद रस्त्यावर डोळे दिपलेला ट्रॅक्टरचालक आपल्याच अंगावर येण्याचा संभव असतो.

यानंतर ओझ्याचा विचार. शहरातील नोकरदाराला डबा व कागदपत्रे मावतील एवढी पिशवी पुरते. बिद्रीसारख्या गावात मात्र दूध, वैरणीचा भारा, खताची पिशवी आणि पाठीमागे बसणारे माणूस हे सारे त्याच वाहनाने न्यावयाचे असते. एक लिटर दुधाचे वजन एक किलोपेक्षा किंचित अधिक भरते. म्हणजे वीस-वीस लिटरच्या दोन किटल्या, किटल्यांच्या वजनासह, पन्नास किलोच्या घरात जातात. सायकलीच्या कॅरिअरवर बहुधा त्याची भारमर्यादा कोरलेली असते. अनेक चांगल्या कॅरिअरवर ती २५ किलो असते. दहा-दहा लिटरच्या दोन किटल्यांतच ही मर्यादा संपते. तेव्हा अधिक दूध वाहणाऱ्याने मजबूत कॅरिअर शोधण्यापेक्षा दोन फेऱ्या कराव्यात, किंवा भारवहनासाठीच बांधलेले वाहन घ्यावे. कारण कॅरिअर बदलले तरी चाकाच्या आऱ्या आणि ब्रेक जुनेच राहतात.

किटल्या दोन्ही बाजूंस सारख्या वजनाच्या आणि शक्य तितक्या खाली टांगाव्यात. हँडलला एकच किटली अडकविण्याची सवय फार घातक आहे. किटली झुलली की हँडल वळते आणि चालकाचा हात ब्रेकपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. ओझे बांधून झाल्यावर मागचा दिवा व परावर्तक दिसतात की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. अंधारात दहा-पंधरा पावले मागे जाऊन बॅटरी डोळ्यांजवळ धरावी आणि प्रकाश वाहनावर टाकावा. परावर्तक उजळला नाही, तर तो झाकला गेला आहे असे समजून ओझ्याच्या मागच्या बाजूस दुसरा लावावा. वैरणीच्या भाऱ्याला परावर्तक कापडाचा एक पट्टा आवळला, तरी काम भागते.

मागे बसणाऱ्या स्त्रीच्या साडीचा पदर वा ओढणी चाकात अडकू नये यासाठी साडीगार्ड असते. मोटारसायकलीचे मागील चाक निदान अर्धे झाकणारे संरक्षक साधन, धरावयाची मूठ आणि पाय ठेवण्याची जागा या तिन्ही गोष्टी केंद्रीय नियमांतच सांगितल्या आहेत. पिशव्या टांगण्याच्या सोयीसाठी हे गार्ड काढून टाकणे सर्वथा अयोग्य होय. लहान मुलांच्या बाबतीत विद्युत स्कूटरचा एक विशेष धोका ध्यानी ठेवावा. पेट्रोलचे इंजिन चालू असल्याचा आवाज येतो, विद्युत मोटरीचा येत नाही. चावी चालू ठेवून कुणाशी बोलत उभे असताना पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या हाताने मूठ पिळली गेली, तर वाहन एकाएकी झेप घेते. मुलाला पुढे उभे करूच नये. चार वर्षांखालील मुलासाठी चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचे शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले आहेत; यातील पट्टा ही वस्तू पूरक साहित्याच्या यादीत फार वर असावयास हवी. आवाज नसल्यामुळेच सायकलीला चांगली घंटीही हवी. वाटेतल्या पादचाऱ्याला मागून येणाऱ्या या वाहनाची चाहूल लागत नाही. अनेक सुरांचे कर्कश हॉर्न मात्र नियमबाह्य आहेत.

निवडीपेक्षाही जोडणीत अधिक चुका होतात. ज्या सायकलीची मोटर मागील चाकाच्या तुंब्यात असते, तिच्या आसाची दोन्ही टोके चपटी केलेली असतात आणि आस फिरू नये म्हणून खाचेत अडकणारे विशिष्ट वॉशर बसविलेले असतात. कॅरिअर वा स्टँड लावताना गॅरेजमध्ये चाकाचा नट काढला जातो आणि हे वॉशर उलटे बसते किंवा बाजूला राहते. मग चढावर मोटरीचा जोर लागताच आसच फिरतो आणि त्यातून बाहेर येणारी तार पिळून तुटते. यास्तव कॅरिअर आसावर न अडकविता सांगाड्यावरील भोकांतच बसवावे. तशी भोके आहेत की नाहीत, हे सायकल विकत घेतानाच पाहावे.

बास्केट, आरसा किंवा मोबाइलचा धारक हँडलवर लावल्यानंतर हँडल एकदा पूर्ण डावीकडे व एकदा पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे. एखादी तार ताणली जाता कामा नये. ब्रेकच्या दांड्यात मोटर बंद करणारी कळ असते. दांडा कशाला अडून पूर्ण मागे येत नसेल, तर ब्रेक दाबूनही मोटर चालू राहण्याची भीती असते.

विजेची जोडणी हा सर्वांत नाजूक भाग. जादा दिवा, हॉर्न वा मोबाइल भारित करण्याचे साधन यांसाठी मुख्य बॅटरीच्या तारा सोलून त्यांना नवी तार गुंडाळण्याचा प्रघात आढळतो. तो पूर्णतः टाळावा. मुख्य बॅटरी ३६, ४८ वा त्याहून अधिक व्होल्टची असते, तर दिवे बहुधा १२ व्होल्टचे. दिवा जळून जाणे हे त्यातले किरकोळ नुकसान झाले. फ्यूज नसलेल्या, केवळ चिकटपट्टीने झाकलेल्या सांध्यात पाणी शिरले की तार तापते, आणि लिथियमच्या बॅटरीत साठलेली ऊर्जा थोडक्या वेळात बाहेर पडू लागली तर आग आवरणे कठीण जाते. २०२२ मध्ये देशात विद्युत स्कूटरना आगी लागल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे मानक अधिक कडक करण्यात आले आणि ते त्या वर्षाच्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. परंतु ही परीक्षा कारखान्यातून निघालेल्या बंद बॅटरीची असते. आपण पाडलेल्या भोकाची वा सोललेल्या तारेची नव्हे. उत्पादकाने दिव्यासाठी स्वतंत्र जोड दिला असेल, तर तोच वापरावा. नसेल, तर स्वतःची छोटी बॅटरी असलेला दिवा घ्यावा. तो स्वस्तही पडतो. अशा फेरफारामुळे वाहनाची हमी रद्द होण्याचा संभव असतो, हेही लक्षात असू द्यावे.

सह्याद्रीच्या पायथ्याकडील या भागात पावसाळा मोठा असल्याने दोन्ही चाकांना लांब मडगार्ड आणि चालकासाठी फिक्या वा चकाकत्या रंगाचा रेनकोट हवा. प्लास्टिकचे आच्छादन वाहन उभे असताना ठीक. भारित होत असलेल्या बॅटरीवर मात्र ते घालू नये, उष्णतेला वाट राहत नाही. गाडी धुताना गॅरेजमधील पंपाची जोरदार धार बॅटरी, कंट्रोलर व मोटरीच्या तारांवर मारू देऊ नये. कुलूप चांगले घ्यावे आणि साखळी चाकासह सांगाड्यातून ओवावी. मोठ्या पेट्या, काचेचे पडदे, गाणी वाजविणारी यंत्रे यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायतीला या बाबतीत थोडक्या खर्चात बरेच करता येईल. कार्यालयाच्या वा शाळेच्या छपराखाली योग्य भूसंपर्क असलेली एक-दोन जोडस्थाने वायरमनकडून बसवून घेतली, तर लांबवर ओढलेल्या तारांवर बॅटऱ्या भारित करण्याचा धोका टळेल. गळीत हंगामाच्या प्रारंभी उसाच्या ट्रॉल्यांना परावर्तक लावण्याच्या मोहिमा निघतात. त्याच दिवशी दूध संस्थेच्या दारात सकाळच्या संकलनाला येणाऱ्या सायकली व स्कूटरही पाहून घेता येतील. शाळेत विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांनी आपापल्या सायकलीचा परावर्तक बॅटरीच्या उजेडात तपासावा, हा प्रयोग विनाखर्चाचा आहे.

नवे साहित्य बसविल्यानंतर आठवड्याने, किंवा पन्नासएक किलोमीटर चालल्यावर, प्रत्येक नट पुन्हा पान्याने आवळून घ्यावा. हादऱ्याने न सुटणारे, आत नायलॉनचे कडे असलेले नट थोडे महाग मिळतात. कॅरिअर व साडीगार्ड यांना तेच वापरावेत, आणि ते एकदा काढले की पुन्हा न लावता नवे घ्यावेत.