पऱ्हाटीची फळी आणि पेंडीची खळ : वनस्पतिजन्य चिकटद्रव्यांचा एक अभ्यास

शेवटची वेचणी आटोपली की वऱ्हाडातील कापसाच्या वावरात उरते ती पऱ्हाटी. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील आमच्या वाचकांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. थोडी पऱ्हाटी चुलीसाठी घरी येते, थोडी कुंपणाला लागते आणि उरलेली बरीचशी बांधावर ढीग करून पेटवून दिली जाते. एका हेक्टरातून साधारणपणे दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, हे लक्षात घेतले म्हणजे दरवर्षी किती लाकूड आपण धुरात घालवतो याची कल्पना येईल.

लाकूड हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. पऱ्हाटीत सुमारे पाव हिस्सा लिग्निन असते आणि बाकीचा बहुतांश भाग सेल्युलोज व त्याच्या जातीच्या पदार्थांचा असतो. म्हणजे घडणीने ती गव्हाच्या काडापेक्षा झाडाच्या लाकडाला अधिक जवळची आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. ही अळी किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. म्हणून फरदड न घेता पऱ्हाटी वेळेवर उपटून टाकावी, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. सल्ला योग्यच आहे. परंतु उपटलेली पऱ्हाटी जाणार कोठे, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात त्याचे एक उत्तर आम्ही तपासून पाहत आहोत.

पऱ्हाटीपासून फळी

मुंबईत माटुंगा येथे १९२४ साली कापसाच्या तंत्रज्ञानासाठी एक प्रयोगशाळा स्थापन झाली. तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. या संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनविण्याची पद्धत विकसित केली आणि आंतरराष्ट्रीय साहाय्याने नागपूरच्या आपल्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात त्याचे प्रायोगिक संयंत्रही उभारले.

कृती समजण्यास सोपी आहे. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करावयाचे, माती व साल-गाभ्याचा भुसा वेगळा काढावयाचा, तुकडे वाळवून दळावयाचे आणि चाळून जाड-बारीक निवडावयाचे. त्यावर चिकटद्रव्य फवारून थर पसरावयाचा आणि तापलेल्या दाबयंत्रात तो दाबावयाचा. बारीक कण वरच्या व खालच्या थरात, जाड कण मधल्या थरात घातले म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत येतो. सागवानाच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेल्या असताना कपाट, टेबल व छताखालच्या तावदानासाठी अशी फळी उपयोगी पडते.

मात्र फळीचे लाकूड गावचे असले, तरी तिला बांधणारे द्रव्य गावचे नसते.

वास कशाचा येतो?

नवे कपाट उघडताच डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, तो बहुधा फॉर्मल्डिहाइडचा असतो. पार्टिकल बोर्ड व घरगुती प्लायवूड यांत सर्वाधिक वापरले जाणारे चिकटद्रव्य म्हणजे युरिया-फॉर्मल्डिहाइड राळ. ती स्वस्त आहे, रंगहीन आहे आणि उष्णतेने चटकन घट्ट होते. तिचा दोष असा की ओल व उष्णता मिळाली की तिचे बंध हळूहळू तुटतात आणि फॉर्मल्डिहाइड वायू हवेत येत राहतो. मे महिन्याचा ताव आणि त्यामागून येणारी आषाढातली दमट हवा, या दोन्ही गोष्टी वऱ्हाडात भरपूर आहेत.

२००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. हा वायू सर्वांना सारखा भेटत नाही. तो अधिक भेटतो दाबयंत्रापाशी उभ्या असलेल्या मजुराला, दिवसभर फळ्या कापणाऱ्या सुताराला आणि बंद खोलीत नव्या पलंगावर झोपणाऱ्या मुलाला. निवासी विद्यालयाने या विषयाकडे लक्ष का द्यावे, याचे उत्तर यातच आहे.

वनस्पतींतील चिकटपणा

चिकटविण्याची विद्या कारखान्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे. जुने सुतार कातडी व हाडे उकळून केलेला सरस वापरीत. परंतु वनस्पतिजन्य द्रव्येही आपल्या घरातच होती. कागदाला गव्हाच्या पिठाची खळ, घोंगडीला चिंचोक्याची खळ, पाकिटाला बाभळीचा डिंक. या पिष्टमय व डिंकरूप पदार्थांचा पहिला वर्ग झाला. ते कागद व कापड चांगले धरतात. पण लाकडी फळीचा भार आणि ओल त्यांना झेपत नाही.

दुसरा वर्ग टॅनिन व लिग्निनचा. दक्षिण आफ्रिकेत वॅटल या बाभूळकुळातील झाडाच्या सालीतील टॅनिनपासून फळ्यांची चिकटद्रव्ये गेली अनेक दशके तयार होत आहेत. आपल्याकडेही बाभळीची साल कातडे कमावण्यासाठी पिढ्यान् पिढ्या वापरली गेली, ती याच टॅनिनसाठी.

तिसरा आणि वऱ्हाडाच्या दृष्टीने महत्त्वाचा वर्ग प्रथिनांचा. अमेरिकेत १९२० च्या दशकात तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीपासून प्लायवूडचे चिकटद्रव्य निघाले आणि पुढे दोन दशके ते मोठ्या प्रमाणावर वापरात होते. त्याचे कार्य असे चालते : सोयाबीनमधील प्रथिनाचा रेणू सुताच्या गुंडीसारखा गुंडाळलेला असतो. चुना किंवा कॉस्टिक सोडा यांसारखा अल्कधर्मी पदार्थ घातला की ही गुंडी उलगडते. मोकळे झालेले धागे लाकडाच्या छिद्रांत शिरतात, सेल्युलोजला बिलगतात आणि पाणी उडून गेल्यावर घट्ट बसतात. परंतु हे बिलगणे मुख्यतः हायड्रोजन बंधांचे असते. पाणी पुन्हा आत शिरले की ते बंध सुटू लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त व पाण्याला टिकणाऱ्या कृत्रिम राळांपुढे सोयाबीन मागे पडले, ते मुख्यतः या दोषामुळे.

शिंपल्याने शिकविलेला धडा

ऑरेगन राज्य विद्यापीठातील संशोधक कैचांग ली यांचे लक्ष समुद्रातील एका शिंपल्याने वेधून घेतले. लाटांचा मारा सोसूनही हा प्राणी खडकाला धरून राहतो, आणि त्याचे चिकटद्रव्यही प्रथिनच असते. हा विचार पुढे नेऊन त्यांनी सोयापीठात कागदाला ओलेपणी बळकटी देणारी एक राळ मिसळली. तिने प्रथिनांच्या धाग्यांत आडवे टाके घातले आणि पाण्याला टिकणारी जोडणी मिळाली. २००५ च्या सुमारास अमेरिकेतील एका मोठ्या प्लायवूड उत्पादकाने ही पद्धत स्वीकारली. फॉर्मल्डिहाइड न मिसळता फळी बनू शकते, हे त्यामुळे बाजारात सिद्ध झाले.

न्यू ऑर्लिन्स येथील शासकीय कृषिसंशोधन केंद्रात सरकीच्या पेंडीवरही असेच काम झाले. पेंड साध्या पाण्याने धुऊन घेतली असता तिची चिकटण्याची शक्ती व पाण्यापुढील टिकाव वाढतो, असे तेथे आढळले. आपल्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. ज्या झाडाची पऱ्हाटी, त्याच झाडाची सरकी. फळी आणि तिला बांधणारी खळ एकाच वावरातून येऊ शकते.

अडचणी

येथे उतावीळ होऊन चालणार नाही. प्रथिनांची खळ दाट असते, फवारण्यास जड जाते. पातळ करावी तर पाणी वाढते आणि दाबयंत्रात वाफ कोंडून फळी फुगते. ती लवकर नासते व तिला बुरशी लागते. पऱ्हाटी वजनाला हलकी पण आकाराने मोठी, त्यामुळे वाहतूक महाग. आणि ती दोन-तीन महिन्यांतच मिळत असल्याने वर्षभर साठवावी लागते. शिवाय पेंड हे जनावरांचे खाद्य आहे. गोठ्यातील घास काढून कारखान्याला द्यावा काय, हा प्रश्न शेतकऱ्याला विचारल्यावाचून कोणतीही योजना आखू नये.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

तेल काढलेले, न भाजलेले सोयापीठ एक भाग व पाणी तीन भाग घेऊन ढवळावे. त्यातील अर्ध्यात चिमूटभर खाण्याचा चुना मिसळावा. तिसऱ्या भांड्यात गव्हाच्या पिठाची खळ शिजवावी. एकाच लाकडाच्या सारख्या पट्ट्या या तीन द्रव्यांनी जोडून विटांखाली एक दिवस दाबून ठेवाव्यात. नंतर प्रत्येकी एक जोडी कोरडी ओढून पाहावी व एक रात्रभर पाण्यात ठेवावी. कोणती आधी सुटते, याची नोंद करावी आणि कारण वर दिलेल्या विवेचनात शोधावे. चुना हाताळताना डोळे सांभाळावेत.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे तंत्रशिक्षणात, सुतारकामात किंवा शेतीत आहेत, त्यांना या विषयात करण्यासारखे पुष्कळ आहे. पालकांनी व संस्थांनी तूर्त एवढे करावे : फळीचे सामान घेताना तिच्या फॉर्मल्डिहाइड उत्सर्जनाचा दर्जा विचारावा, उघड्या राहिलेल्या कडा बंद करून घ्याव्यात आणि नवे सामान काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवून वापरावे. प्रश्न विचारणारे ग्राहक वाढले, तरच फळी बनविणारा नवे उत्तर शोधील.