मक्याचा पाक आणि आपली साखर



शिवारफेरीत आम्हांला हमखास विचारतात, "साहेब, अमेरिकेत मक्याच्या पाकानं माणसं लठ्ठ झाली म्हणं. मग आपली साखर बरी की!" होय म्हणायला आम्हांलाही आवडले असते.

मक्याच्या स्टार्चवर एन्झाइमची क्रिया करून हा पाक बनवतात. शीतपेयांत वापरतात त्या पाकातल्या साखरेत फ्रुक्टोज सुमारे ५५ टक्के, बाकी बहुतेक ग्लुकोज. उसाच्या साखरेत दोन्ही निम्मे-निम्मे, फक्त एकमेकांना जोडलेले. हा जोड आतड्यात सुटतो. पुढे ऊस कोणता नि मका कोणता, हे शरीराला कळत नाही. उष्मांक दोन्हींत ग्रॅमला ४. फ्रुक्टोज जादा झाले की यकृतात त्याची चरबी होते, मग ते कुठूनही येवो. १९८४ च्या सुमारास तिकडच्या शीतपेयवाल्यांनी मका धरला तो स्वस्त पडला म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा उष्मांकांच्या १० टक्क्यांची आहे. म्हणजे २,००० उष्मांकांच्या आहारात साखर ५० ग्रॅम, साधारण दहा-बारा चमचे. मध नि काकवीची गोडीही त्यातच धरायची. तोडणीच्या दिवसांत बांधावर किती कप चहा होतो, ते प्रत्येकाने मोजावे. आम्ही आमचे चमचे मोजले, चौदा भरले.