गांधीलमाश्यांचे पोळे जाळावे का?

प्रश्न : पडवीच्या पत्र्याखाली गांधीलमाश्यांनी पोळे केले आहे. जाळून टाकावे का? (एक वाचक, रेणापूर)

उत्तर : जाळू नका. गांधीलमाशी डिवचल्याशिवाय सहसा डंख मारत नाही. पोळ्याला धक्का, धूर किंवा आग लागली, की मात्र सगळ्या मिळून तुटून पडतात, आणि पडवीत आग लागण्याची धास्ती वेगळीच. शिवाय त्या आपल्या पिल्लांसाठी झाडांवरच्या अळ्या टिपून नेतात, म्हणजे परसातल्या वांग्या-तुरीची राखणच करतात. म्हणून पोळे उंच, वावर नसलेल्या कोपऱ्यात असेल तर राहू द्या. ‘पण घरात लहान मुले आहेत,’ ही शंका रास्त आहे. पोळे दाराशी, हाताच्या उंचीवर असेल तर काढलेच पाहिजे. मात्र अंधार पडल्यावर, माश्या पोळ्यावर स्थिरावल्या की, जाणकाराकडूनच. डंखानंतर धाप लागली किंवा ओठ-घसा सुजला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ ला फोन करा.