खेड्यांतील पशुवैद्य व त्याची लेखणी

मनुष्यास दुखणें आलें म्हणजे कोठें दुखतें, कसें होतें, हें तो वैद्यास आपल्या तोंडानें सांगतो. गाईला तें सांगतां येत नाहीं. ती चारा टाकते, कान पाडते आणि उदास उभी राहते. बाकीचें सर्व वैद्यानें ओळखावयाचें. मुक्या जनावरांचा वैद्य होणें हें म्हणूनच मोठें अवघड काम होय. असें असूनही या धंद्यास आपण फारसा मान देत नाहीं. इंग्लंडांतील एका पशुवैद्यानें हें काम एका लहानशा गांवांत जन्मभर केलें, आणि पन्नाशीनंतर त्यावर अशीं पुस्तकें लिहिलीं कीं, तीं कोट्यवधि लोकांनीं आवडीनें वाचलीं. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस मननीय वाटेल, म्हणून तें येथें थोडक्यांत दिलें आहे.

त्यांचें खरें नांव जेम्स आल्फ्रेड वाइट. जग त्यांना जेम्स हेरिअट या टोपणनांवानें ओळखतें. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९१६ रोजीं संडरलंड शहरीं झाला. बाळपण मात्र स्कॉटलंडांतील ग्लासगो येथें गेलें. शाळेंत असतांना एका मासिकांत पशुवैद्याच्या धंद्यावरील लेख त्यांच्या वाचनांत आला, आणि कुत्र्यांची मूळचीच आवड असलेल्या त्या मुलानें आपला मार्ग ठरविला. ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतून १९३९ सालच्या डिसेंबरांत ते उत्तीर्ण झाले. त्या काळीं शेतांतील घोडे जाऊन ट्रॅक्टर येत होते, व नव्या पशुवैद्यास जागा मिळणें दुरापास्त होतें. १९४० च्या जुलैंत यॉर्कशरमधील थर्स्क या बाजारगांवीं डोनल्ड सिंक्लेअर या पशुवैद्याकडे त्यांना काम मिळालें. पुढल्या वर्षीं जोन डॅनबरी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. महायुद्धांत कांहीं काळ ते विमानदलांत होते. तेवढा काळ वगळतां थर्स्कचा दवाखाना त्यांनीं सोडला नाहीं.

रात्रीं-अपरात्रीं टेलिफोन वाजावा, आणि बर्फांतून मोटार हांकीत डोंगरावरील एखादा गोठा गांठावा, हा त्यांचा नित्यक्रम. गाय अडली म्हणजे गारठलेल्या गोठ्यांत अंगांतील सदरा काढून, हाताला खांद्यापर्यंत साबण लावून, फरशीवर पालथें पडून वासराचे पाय चाचपावे लागत. नुकत्याच व्यालेल्या गाईला कधीं कधीं दुग्धज्वर नांवाचा विकार होतो. दूध उतरूं लागलें म्हणजे रक्तांतील कॅल्शियम एकाएकीं कमी होतें. गाय कोसळते, आणि उपचार न झाल्यास बहुधा मरते. तेंच कॅल्शियम द्रवरूपानें शिरेंत टोंचलें, तर मरणोन्मुख गाय पुष्कळदां थोड्याच वेळांत उठून उभी राहते. ज्याच्या दावणीला चारच गाई, त्या शेतकऱ्याची एक गाय वांचविणें म्हणजे त्याचा संसार सांवरणें होय. वाइट यांच्या डोळ्यांसमोर सल्फा वर्गांतील औषधें आलीं, मागून पेनिसिलिन आलें, आणि जुने काढे व चूर्णें मागें पडलीं. परंतु अवघड प्रसंगीं वैद्याचा हात व त्याची चिकाटी यांवांचून दुसरा उपाय नसे. गाईगुरांपासून माणसांस होणारा ब्रुसेलोसिस हा ज्वर या सेवेंत त्यांनाही जडला.

घरीं आल्यावर दिवसाच्या हकीकती ते पत्नीस सांगत, आणि "यांचें एक पुस्तक करीन" म्हणत. असें म्हणण्यांत वीसपंचवीस वर्षें गेलीं. पन्नाशी गांठलेल्या माणसाच्या हातून आतां पुस्तक कुठलें होणार, असें पत्नी एकदां म्हणाली; तें त्यांच्या मनाला लागलें. त्यांनीं कागद आणले, आणि रात्रीं घरची मंडळी टेलिव्हिजन पाहत असतां त्याच खोलींत बसून ते टंकयंत्रावर लिहूं लागले. आरंभीं त्यांनीं थोर ग्रंथकारांच्या धर्तीवर भारदस्त भाषा लिहून पाहिली. त्या काळचें त्यांचें लिखाण प्रकाशकांकडून परत आलें. तेव्हां तो डौल टाकून, समोरच्या माणसास गोष्ट सांगावी तसें त्यांनीं लिहिलें. पहिलें पुस्तक १९७० सालीं लंडनमध्यें निघालें. १९७२ सालीं न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकानें पहिलीं दोन पुस्तकें एकत्र छापलीं, आणि त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली. जाहिरात करूं नये असा पशुवैद्यांस नियम असल्यामुळें त्यांना खरें नांव देतां येईना; म्हणून बर्मिंगहॅमच्या फुटबॉल संघांतील एका कुशल गोलरक्षकाचें आडनांव त्यांनीं घेतलें.

हीं पुस्तकें म्हणजे तंतोतंत आत्मचरित्र नव्हे. थर्स्कला त्यांत 'डॅरोबी' म्हटलें आहे. माणसांचीं नांवें व काळही बदलला आहे. परंतु शेतकऱ्यांचें काटकसरीचें जिणें, त्यांचा अबोल स्वभाव आणि जनावरांवरील त्यांची माया हीं खरीं आहेत. लेखक हसतो तो बहुधा स्वतःस. गरिबास कधींच नाहीं. अमेरिकेंत निघालेल्या त्यांच्या चार ग्रंथांचीं नांवें सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या बाईंनीं मुलांसाठीं रचलेल्या एका प्रसिद्ध उपासनागीतांतून घेतलीं आहेत. लहानथोर सर्व प्राणी ईश्वरानेंच निर्मिले, हा त्या गीताचा आशय. आणि या वैद्याच्या जन्मभराच्या सेवेस तो शोभून दिसतो.

इतकें हंसविणारा हा लेखक सदा सुखी होता असें मात्र नाहीं. १९६० च्या सुमारास त्यांना तीव्र खिन्नतेचा आजार झाला होता, हें त्यांच्या पुत्रानें लिहिलेल्या चरित्रावरून कळतें. त्यांतून ते सांवरले, आणि त्यानंतरच हे आनंदी ग्रंथ लिहिले गेले. कीर्ति मिळाल्यावरही ते पूर्वीप्रमाणें गोठ्यांत जात राहिले. २३ फेब्रुवारी १९९५ रोजीं ते निवर्तले. थर्स्कचा त्यांचा दवाखाना १९९९ पासून संग्रहालय म्हणून लोकांस खुला झाला.

विद्यार्थी मित्रहो, लिहिण्याजोगें कांहीं आपल्या आयुष्यांत घडतच नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. या वैद्यास विषय शोधण्यासाठीं कोठें जावें लागलें नाहीं. चिखल, शेण आणि अपरात्रींचे फेरे यांतच तो त्यांना सांपडला, कारण तें काम त्यांनीं मनापासून केलें होतें. आणि वडील मंडळींस एवढीच विनंति कीं, एखाद्या मुलाचें वा मुलीचें मन पुस्तकांइतकेंच गोठ्यांतही रमत असेल, तर त्यास कमी लेखूं नये. बोलतां न येणाऱ्याचें दुःख जाणणारीं माणसेंही समाजास हवीं आहेत.