शब्द एक, अर्थ अनेक : ग्रँड

इंग्रजीच्या चाचणीत 'ग्रँड टोटल'चे भाषांतर मी 'भव्य बेरीज' केले आणि दोन गुण गमावले. सरांनी लाल शाईत लिहिले, 'एकूण बेरीज'. मग शब्दकोश उघडला.

मूळ लॅटिन शब्द 'ग्रँडिस', म्हणजे मोठा. 'ग्रँड पियानो' आकाराने मोठा, 'ग्रँडमास्टर' दर्जाने. १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. बोलीभाषेत 'अ ग्रँड' म्हणजे हजार डॉलर किंवा पौंड. 'ग्रँडफादर'मध्ये हाच शब्द एक पिढी मागे नेतो. आयर्लंडमध्ये मात्र 'आय ॲम ग्रँड' म्हणजे नुसते 'मी ठीक आहे'.

गेल्या महिन्यात आजोबांचे ऑपरेशन झाले. रविवारी फोनवर ते म्हणाले, "मी ठीक आहे रे, तू अभ्यास कर." मला तोच अर्थ सर्वांत मोठा वाटला.

मित्रांनो, शब्दाचा अर्थ नेहमी वाक्यात शोधा!

– कॅडेट, इयत्ता दहावी