कॉलेज निवडताना दुकानदाराचं डोकं वापरा: सीईटीनंतरचा हिशेब



सीईटीचा निकाल लागला की आमच्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. एक वायर, स्विच घ्यायला येणारी आणि दुसरी "सर, पोराला कुठलं कॉलेज घेऊ?" असं विचारायला येणारी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच आहे. एकीकडे धंदा उभा करताय आणि दुसरीकडे घरातला मुलगा, मुलगी किंवा धाकटा भाऊ बारावी झालाय. पैसा मात्र एकाच गल्ल्यातून जाणार आहे. म्हणून आज व्हिडिओत जे बोललो, ते इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक

बारावीनंतर माझे मार्क जेमतेम होते. कॅप राऊंडमधून घराजवळचं एक कॉलेज मिळत होतं, पण मित्र मोठ्या शहरात चालले होते. मीही हट्ट धरला. अण्णांनी मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. पैसे आले ते दिवाळीच्या मालासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून.

त्या दिवाळीला आमच्या दुकानात लायटिंगच्या माळांचे खोके निम्मेच होते. जुनी बाकी राहिली म्हणून होलसेलवाल्याने उधारी बंद केली. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं आणि त्यातलं बरंचसं परत आलंच नाही. इकडे मी बॅकलॉग घेऊन बसलो, दीड वर्षात कॉलेज सोडलं आणि नंतर बीबीए केलं. अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त पुढची तीन वर्षं त्यांनी दुकानाला रंग दिला नाही.

म्हणून आजचा मुद्दा एकच आहे: खेळत्या भांडवलातून कॉलेजची सीट विकत घेऊ नका. आधी कॅपमधून जे मिळतंय त्याचा पूर्ण हिशेब करा. मगच ठरवा.

पायरी 1: पर्सेंटाइल नीट समजून घ्या

90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के मार्क नव्हेत. त्याचा अर्थ, परीक्षा दिलेल्या शंभरातले नव्वद जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. हजारो मुलं परीक्षा देतात, त्यामुळे पॉइंटमधल्या फरकानेही मेरिट नंबर बराच पुढे-मागे होतो. सीईटी सेल दरवर्षी प्रत्येक फेरीच्या कट-ऑफ याद्या टाकतो. त्यात कॉलेज, ब्रँच, प्रवर्ग यांप्रमाणे मेरिट नंबर आणि पर्सेंटाइल दोन्ही असतात. मागच्या दोन वर्षांच्या याद्या डाउनलोड करा आणि आपल्याच प्रवर्गाचा रकाना बघा. शेजाऱ्याच्या मुलाला कुठे मिळालं, यावर जाऊ नका. त्याचा रकाना वेगळा असू शकतो.

अजून एक घोळ नेहमी होतो. नागपूरचं व्हीएनआयटी हे एनआयटी आहे, तिथला प्रवेश जेईई मेनवरून जोसा मार्फत होतो. सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस यांसाठी राज्याची कॅप प्रक्रिया आहे. दोन्हीकडे पात्र असाल तर दोन्ही फॉर्म भरा. दोन्हीच्या तारखा वेगळ्या असतात, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पायरी 2: पसंतीक्रम म्हणजे तुमची मागणी

ऑप्शन फॉर्म भरताना लोक घाबरतात. "वरचं कॉलेज आपल्याला मिळणार नाही, उगाच कशाला टाकायचं?" असं होत नाही. सिस्टिम तुमची यादी वरून खाली बघते आणि मेरिटमध्ये बसणारं पहिलं कॉलेज देते. वर मोठं नाव टाकलं म्हणून खालचं हातातून जात नाही. त्यामुळे खऱ्या आवडीप्रमाणे क्रम लावा आणि शेवटी चार-पाच खात्रीचे पर्याय ठेवा.

पण एक अट लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर सीट ऑटो फ्रीझ होते. मग पुढच्या फेरीत "दुसरं बघू" चालत नाही. 2025 च्या प्रवेशाला चार फेऱ्या होत्या. त्यात दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम लागू होता. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. जिथे खरंच जायचं नाही, ते कॉलेज वरच्या नंबरांवर टाकूच नका.

पायरी 3: चार वर्षांचा पूर्ण खर्च काढा

आपण दुकान भाड्याने घेताना फक्त भाडं बघतो का? डिपॉझिट, लाइट बिल, फर्निचर सगळं धरतो. इथेही तसंच करा. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका.

कॉलेज अ, मोठ्या शहरात:
- फी 1,20,000 × 4 = 4,80,000
- होस्टेल आणि मेस 1,00,000 × 4 = 4,00,000
- लॅपटॉप, पुस्तकं, प्रवास = 1,20,000
- एकूण 10,00,000

कॉलेज ब, घरून ये-जा:
- फी 90,000 × 4 = 3,60,000
- एसटी पास आणि वरखर्च 25,000 × 4 = 1,00,000
- लॅपटॉप, पुस्तकं = 1,00,000
- एकूण 5,60,000

फरक 4,40,000 रुपयांचा. आता प्रश्न विचारा: या जादा 4,40,000 मध्ये अ कॉलेज मला नेमकं काय देणार आहे? उत्तर ठोस असेल तर खुशाल द्या. स्वस्त तेच घ्या, असं मी म्हणत नाही. उत्तर "नाव आहे" एवढंच असेल, तर थांबा.

पायरी 4: शिष्यवृत्ती हिशेबात धरा

इथे खूप पैसे हातातून जातात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत निम्मी ट्यूशन फी मिळते. 2024 पासून याच उत्पन्न मर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. शिवाय टीएफडब्ल्यूएस नावाच्या मोजक्या जागा असतात, तिथे ट्यूशन फीच लागत नाही. त्यांचा कट-ऑफ चढा असतो, पण ऑप्शन फॉर्ममध्ये टाकायला काय जातं?

महत्त्वाचं म्हणजे या सवलती कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की सवलत गेली. म्हणजे तिथे जादा पैसे द्यायचे आणि मिळणारेही सोडायचे. दोन्हीकडून तोटा.

आपण धंदेवाले उत्पन्नाचा दाखला शेवटच्या दिवशी काढायला धावतो. तहसीलचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात वैधता यातलं जे लागू असेल ते निकालाची वाट न बघता काढून ठेवा.

पायरी 5: प्लेसमेंटचा बोर्ड सोडा, वही बघा

गेटवर "सर्वोच्च पॅकेज" लिहिलेलं असतं. दिवाळीच्या एका दिवसाचा गल्ला दाखवून कुणी तुम्हाला दुकान विकायला आला, तर घ्याल का? तुम्ही वर्षाची वही मागाल. तशीच इथे मागा. एनआयआरएफमध्ये भाग घेणारी कॉलेजं आपली माहिती वेबसाइटवर ठेवतात. त्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे असतं. मधला पगार म्हणजे रांगेत बरोबर मध्ये उभ्या असलेल्या मुलाचा पगार. तो आकडा जास्त खरं बोलतो.

नॅकचा दर्जा पूर्ण संस्थेला असतो, एनबीएची मान्यता मात्र एकेका कोर्सला. तुमच्या ब्रँचला ती आहे का, ते वेगळं तपासा. आणि एक दिवस स्वतः जा. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर चहा घ्या. लेक्चर होतात का, लॅबमधली मशीन चालू आहेत का, एवढंच विचारा.

पायरी 6: पावती नाही तर पैसा नाही

खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर बघता येते. त्यावर "डोनेशन" मागणं बेकायदा आहे, त्यासाठी राज्यात 1987 पासून कायदा आहे. मधला माणूस रोख मागत असेल, तर दुकानात बिनबिलाचा माल टाकणाऱ्याला जे उत्तर देता, तेच त्याला द्या.

पैसे कमी पडत असतील तर शैक्षणिक कर्ज बघा. 6 लाख, 10 टक्के व्याज, 7 वर्षं धरली तर हप्ता साधारण दहा हजार येतो. शिकत असतानाचं व्याज भरलं नाही तर तो वाढतो. पण निदान मालाचा पैसा मालातच राहतो आणि दुकान चालू राहतं. चालू दुकान चार वर्षं फी भरू शकतं. रिकामं दुकान पहिल्या सेमिस्टरलाच थकतं.

आजचा गृहपाठ

एका पानावर तीन कॉलेजं लिहा. प्रत्येकासमोर चार रकाने: चार वर्षांचा खर्च, मिळणारी शिष्यवृत्ती, मधला पगार, घरापासून अंतर. पान मुलासमोर, मुलीसमोर ठेवा आणि गल्ल्याची खरी स्थितीही सांगा. लपवू नका. मला त्या वर्षी कुणी दिवाळीच्या मालाचा आकडा दाखवला असता, तर मी हट्ट सोडला असता का? माहीत नाही. पण निदान विचार तरी केला असता.

कॅपमध्ये मनासारखं नाहीच मिळालं तर बीएस्सी, बीसीए आहे. आयटीआय करूनही उत्तम धंदा करणारे माझ्या ओळखीत आहेत. रस्ता बंद होत नाही.

पान भरून झालं की पुढचा व्हिडिओ बघा. त्यात खेळतं भांडवल आणि घरखर्च वेगळे कसे ठेवायचे, ते शिकू. भेटूया!